परदेशातल्या सेवेला चार महिने झाले. यांचा दिवस भरलेला, माझा रिकामा. कुणी यातून गेलंय का?

नवी_जागा_६२

सगळ्यांना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ६२, हे ६६. दोघंही रिटायर झालो, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि मग मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, विचारणा आली की परदेशात दोन वर्षांच्या सेवेसाठी जाल का. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, इथे व्हिसाचं प्रकरण नाजूक असतं आणि इथल्या विश्वासणाऱ्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको. आम्ही सहा महिने प्रार्थना केली, दोघांनी मिळून हो म्हटलं. मला कुणी ओढून आणलेलं नाही, म्हणूनच आता तक्रार करायला तोंड उघडत नाही.

यांचं काम ठरलेलं आहे. तरुण पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरांना, शिकवतात, सोबत दुभाषी असतो, सकाळी आठला जातात ते पाचला येतात आणि आले की आज कोण काय म्हणालं, कोणी कुठला प्रश्न विचारला हे सांगत बसतात, चेहरा असा फुललेला असतो. बोलावण्याच्या पत्रावर नाव आम्हा दोघांचं होतं पण काम मात्र एकाचंच लिहिलेलं होतं, हे मला इथे आल्यावर कळलं. मायदेशी असताना मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, रविवारी संडेस्कूल घेतलं, आजाऱ्यांच्या घरी जायचे. इथे मला दुकानातल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. कपडे धुवायची पावडर समजून भलतंच काहीतरी दोन वेळा आणलं.

पहिले तीन आठवडे छान गेले, सगळंच नवं, रोज फोटो पाठवत होते मुलांना. मग हळूहळू काहीतरी उतरत गेलं. उपासनेला जाते, लोक खूप प्रेमाने हात मिळवतात, हसतात, पण दोन मिनिटांत शब्द संपतात आणि मग मी दोन तास नुसती हसत बसते, घरी येईपर्यंत गाल दुखतात आणि रविवारी रात्री डोकं धरतं. गेल्या आठवड्यात तर तीन दिवस खाली उतरलेच नाही. वॉशिंग मशीनचं बटण कळेना म्हणून रडले, एवढ्याशा गोष्टीवर. लेक फोन करते तेव्हा सगळं मस्त चाललंय म्हणते. तिचे दिवस भरत आलेत, पहिलंच बाळंतपण, आणि मी इथे.

हे म्हणतात सवय होईल, प्रार्थना कर. करतेय हो. पण विचारावंसं वाटतं की हे खरंच बदलतं का, किती दिवसांनी, आणि तुम्ही काय केलंत.

आणखी एक, माझी बीपीची गोळी इथे त्या नावाने मिळत नाही, आणि इथल्या मशीनवर उपाशीपोटीची शुगर ७.४ दाखवते. सात म्हणजे काय, मला कळेना, त्या रात्री झोप नाही लागली.

---

परत_आलेली

ताई, तुमचं ते "दोन तास हसत बसते" वाचलं आणि मी खुर्चीतच टेकून बसले. अगदी हेच. आम्ही दोघं साठीत गेलो होतो, तीन वर्षं राहून परत आलो. यांच्याकडे मिशनच्या दवाखान्याचे हिशोब होते, माझ्याकडे घर.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. बदलतं. मला आठवतंय त्याप्रमाणे चौथा-पाचवा महिना सगळ्यात वाईट होता आणि आठव्या-नवव्यापासून मी परत माणसात आले. पण आपोआप नाही बदललं, आणि नुसत्या सवयीने तर अजिबात नाही.

माझी सुरुवात झाली ती उपासनेनंतरच्या मोरीपाशी. सगळ्यांचं उठणं झालं की तिथल्या चार बायका कपबश्या विसळायच्या, मी एके दिवशी न विचारता बाह्या सरसावून जाऊन उभी राहिले कारण बाहेर हसत बसण्यापेक्षा ते बरं वाटलं. कपबश्या विसळायला भाषा लागत नाही. त्यातल्या एका आजींनी कप वर धरला आणि त्याचं नाव घेतलं, मी म्हटलं, त्यांनी मान हलवून परत म्हणून दाखवलं, मी परत म्हटलं. मग बशी, मग फडकं, मग पाणी गरम, पाणी गार. दर रविवारी सात-आठ शब्द. वर्षभरात त्या मोरीपाशी मला त्यांच्या सुनांची नावं, कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे हे सगळं कळायला लागलं होतं आणि मी त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत होते. माझी सेवा तिथे होती ताई, मी मात्र पाच महिने कुणी काम नेमून देईल म्हणून वाट बघत बसले होते.

अर्थात काम मागायलाही हवं. तुम्हाला ज्यांनी पाठवलं आणि तिथे जे वरिष्ठ आहेत त्यांना लिहून विचारा की माझं काम काय. तोंडी नको, तोंडी बोललं की "तुम्ही यजमानांना साथ द्या म्हणजे झालं" असं काहीतरी गोड उत्तर येतं. तुम्ही पस्तीस वर्षं शिकवलंय, त्या तरुण पाळकांच्या बायका तिथे असतीलच ना, त्यांची मुलं असतील.

आणि यांच्याशी बोला. आमच्याकडे हे आले की बोलायला लागायचे आणि मी ऐकायचे, मग मी ठरवलं की पहिली पंधरा मिनिटं माझी. सांगण्यासारखं काहीच नसलं तरी सांगायचे, आज लिफ्टमध्ये एका मुलाने दार धरलं, बस, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे गप्प झाले आणि म्हणाले, तुझा अख्खा दिवस एवढाच होता? त्यांना खरंच माहीत नव्हतं. वाईट माणूस नाही हो, पण भरलेल्या दिवसातून आलेल्या माणसाला रिकामा दिवस दिसत नाही.

---

विश्वासू_सेवक

भगिनी, प्रभूने बोलावलं आहे तर तोच चालवेल. रडण्यापेक्षा वचनात, बायबलमध्ये, जास्त वेळ घालवा. निराशा ही शत्रूची युक्ती असते. मागे वळून बघू नका.

---

जुना_पाळक

वरच्या बंधूंचा हेतू चांगला आहे, पण या भगिनी वचनापासून लांब गेलेल्या नाहीत, माणसांपासून लांब पडल्यात. दोन्हीवर एकच औषध चालत नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, कितीतरी पानं रडण्याचीच आहेत आणि त्यासाठी कुणाला विश्वास कमी असं कुणी म्हटलेलं नाही.

मी अनेक वर्षं सेवेला जाणाऱ्यांच्या तयारीचं काम केलं म्हणून दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितो.

एक म्हणजे तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दि जानेरोमध्ये दिलेल्या भाषणात कल्चर शॉकचं वर्णन केलं आणि १९६० मध्ये ते एका नियतकालिकात छापून आलं, आणि गंमत नाही, ते नियतकालिक वाचणारे बहुतेक मिशनरीच होते. त्याने म्हटलं ते असं की आपण रोज शेकडो बारीक खुणांवर जगत असतो, कधी हात पुढे करायचा, कधी हो म्हणजे नाही असतं, दुकानदाराशी कसं बोलायचं, आणि त्या सगळ्या खुणा एकदम नाहीशा झाल्या की माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा होतो. सुरुवातीचे आठवडे मधुचंद्राचे, मग पडझड, मग सावरणं, मग रुळणं. तुमचे तीन आठवड्यांचे फोटो आणि आत्ताचं मशीनचं बटण या क्रमात अगदी बसतात. यात तुमच्या यजमानांची पडझड कमी का, तर त्यांच्याबरोबर दुभाषी आहे. त्यांच्या खुणा तो माणूस वाचून दाखवतो. तुम्हाला कोणी दिला?

दुसरी गोष्ट दोन जोडप्यांची. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी आपल्याला माहीत आहे, १७९३ मध्ये बंगालला आला, पुढे १८०५ साली मराठीचं व्याकरणही त्याने छापलं. आपण त्याच्याबद्दल खूप बोलतो. त्याची बायको डोरोथी आधी यायला तयारच नव्हती, तान्हं मूल होतं, शेवटच्या क्षणी बहिणीला सोबत घेऊन निघाली. १७९४ मध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला आणि त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही, १८०७ मध्ये ती गेली. तिच्या दिवसांत काय होतं हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे मी प्रत्येक जोडप्याला निघायच्या आधी सांगत आलोय आणि प्रत्येक वेळी नवऱ्याकडे बघून सांगितलंय.

दुसरं जोडपं जडसन, अमेरिकेतले मिशनरी. अ‍ॅडोनायरम आणि अ‍ॅन १८१३ च्या जुलैत रंगूनला उतरले. तो पंडिताजवळ बसून ब्रह्मी भाषेचं व्याकरण शिकत होता आणि घर, बाजार, नोकरमाणसं हे सगळं अ‍ॅनच्या अंगावर पडलं, तिला सकाळपासून रात्रीपर्यंत बोलावंच लागायचं, चुकत-माकत. थोड्याच काळात रोजच्या बोलण्यात ती त्याच्या पुढे गेली. पुढे तिने बायबलमधली दानीएल आणि योना ही पुस्तकं ब्रह्मी भाषेत आणली. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१९ मध्ये, सहा वर्षांनी. तुमच्याकडे चार महिन्यांचा हिशोब कोणी मागत असेल, तुमचं स्वतःचंच मन मागत असेल, तर त्याला हा आकडा सांगा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुम्ही दिवसाला पाचच वाक्यं शिका पण ती त्याच दिवशी पाच वेगवेगळ्या माणसांना म्हणा. "मी ही भाषा शिकतेय, मला एवढंच येतं" हे पहिलं वाक्य. म्हातारं माणूस चुकत बोलतंय म्हटल्यावर लोक थांबतात, तरुणांसाठी तितके थांबत नाहीत. वयाचा हा फायदा घ्या. आणि एका बैठकीत दोन तास राहू नका, नव्या भाषेत कान लावून ठेवणं हे अंगमेहनतीचं काम आहे, रविवारचं डोकं त्यानेच धरतं. तासाभराने बाहेर जाऊन एकटीने दहा मिनिटं फिरून या.

---

फार्मसिस्ट_दादा

काकू, आधी शुगरचं, कारण तुमची झोप गेलीये. घाबरू नका, ते एकक वेगळं आहे. आपल्याला सवय आहे एमजी पर डीएलची, बऱ्याच देशांत मिलिमोल पर लिटर वापरतात. आलेल्या आकड्याला १८ ने गुणायचं. ७.४ गुणिले १८ म्हणजे साधारण १३३. तुमच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडून बघा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीएवनसी, केली तर तिथेही वेगळा आकडा येऊ शकतो, आपले ७ टक्के म्हणजे तिकडे ५३, तेव्हा ५३ बघून दचकू नका.

गोळीचं असं की पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, ते देशोदेशी बदलतं. खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, अ‍ॅम्लोडिपिन वगैरे, ते आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून दुकानात दाखवा. काही मूळ नावंही बदलतात, पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, पण तशी थोडी आहेत. तोवर गोळी बंद ठेवू नका, बीपीच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर प्रेशर एकदम उसळतं. गोळ्या संपत आल्या असतील तर आजच डॉक्टर गाठा, चार दिवसांनी नाही.

जे अजून निघायचेत त्यांच्यासाठी, औषधं मूळ पाकिटातच न्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, मूळ नावांसकट. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं बाहेर नियंत्रित असतात, ट्रॅमाडॉल आणि कोडीन या वेदनाशामकांवर अमिरातीत कडक नियम आहेत, सर्दीच्या गोळ्यांतल्या स्युडोएफेड्रिनवर जपानमध्ये, तेव्हा आधी चौकशी करा. इन्सुलिन चेक-इन सामानात कधीच टाकायचं नाही, खाली गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते वापरायचं नसतं.

आणि काकू एक विचारतो, राग मानू नका. झोप, भूक, सकाळी उठावंसं न वाटणं हे सलग दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते नुसतं परकेपण नसू शकतं, डॉक्टरला तेही सांगा. थायरॉइड आणि बी-१२ पण बघून घ्या, या वयात त्यानेही माणूस असाच मरगळतो.

---

त्यांचा_मुलगा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे आईबाबा ६४ आणि ६८ व्या वर्षी असेच गेले, मी इथे.

आई वर्षभर मला सगळं मस्त म्हणत होती. मग एकदा बाबांच्या तोंडून निघून गेलं की ती आठवडा-आठवडा घराबाहेर पडत नव्हती. मला त्या दिवशी जे वाटलं ते लिहिता येणार नाही. तिला वाटायचं मला काळजी नको, पण मी आधीपासूनच काळजीत होतो, तिचा आवाज काय मला कळत नाही? फक्त तिने मला काही करायची जागाच ठेवली नव्हती. काकू, तुमच्या मुलीला सांगा. बाळंतपण आहे म्हणून तर नक्कीच सांगा, तिलाही तुमच्यापाशी रडायचं असेल आणि ती तुमच्या "मस्त"मुळे थांबली असेल.

आम्ही नंतर वेळ ठरवली, आठवड्यातून दोनदा, तिथली सकाळ आणि इथली संध्याकाळ, त्याखेरीज रोज नाही. आधी रोज तासभर चालायचं आणि मग आई अख्खा दिवस फोनच्या त्या एका तासासाठी जगायची, ती तिथे नव्हतीच. कमी केल्यावर तिला सुरुवातीला राग आला पण त्यानेच ती खाली उतरायला लागली.

बाळंतपणाला येता येतं का विचारलंत का? सगळ्या संस्थांचे नियम सारखे नसतात. लॅटर-डे सेंट्सच्या, म्हणजे मॉर्मन लोकांच्या, चर्चमध्ये वडीलधाऱ्या जोडप्यांसाठी मुदतच ६, १२, १८ किंवा २३ महिने अशी निवडता येते आणि तरुण मिशनऱ्यांचं कडक वेळापत्रक त्यांना लागू नसतं. म्हणजे या वयाच्या माणसांना मागे कुटुंब असतं हे धरून चालणारे लोक आहेत. तुम्ही विचारायला घाबरू नका, जास्तीत जास्त नाही म्हणतील.

आणि कागदांचं एक, जे आम्हाला महागात पडलं. बँकेचा ओटीपी जुन्या सिमवर येतो, ते सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडलं आणि बाबांचे पेन्शनचे पैसे खात्यात दिसत होते पण काढता येत नव्हते. सिम चालू ठेवा. माझ्या नावाने मुखत्यारपत्र निघायच्या आधी करायला हवं होतं, नंतर परदेशातून करायला वकिलातीचे दोन फेरे झाले. हयातीच्या दाखल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

नवी_जागा_६२

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत की मी ते यांना वाचून दाखवलं. डोरोथीचं वाचताना हे मध्येच उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, मला दुभाषी मिळाला आणि मी तुला प्रार्थना कर म्हणालो.

दादा, गोळी मिळाली, मूळ नाव दाखवलं तर दोन मिनिटांत. डॉक्टरकडेही गेले, बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. झोप जरा सुधारलीये.

लेकीला सांगितलं. ती आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली मला पण रात्री भीती वाटते आई. आम्ही इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो. सुट्टीचं लिहून विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही. नाही म्हणाले तर काय हे मला अजून कळत नाही, त्याचा विचार केला की पोटात गोळा येतो, खरं तेच सांगते.

बाकी, पाळकसाहेबांचं पहिलं वाक्य पाठ केलं. खाली एक बाई फुलं विकायला बसतात, माझ्याच वयाच्या असतील. त्यांना म्हटलं, मी ही भाषा शिकतेय, मला एवढंच येतं. त्यांनी ऐकलं, मग माझा एक शब्द दुरुस्त केला, सूर वर न्यायचा होता मी खाली नेला होता. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी मी दिसताच त्यांनी हाताने खूण करून बोलावलं आणि शेजारी एक पाट सरकवला. आता सकाळी अर्धा तास तिथे बसते, देठ कापून देते. फुलांची सहा नावं आली, आकडे वीसपर्यंत. काल त्यांनी काहीतरी लांबलचक सांगितलं, मला त्यातलं "मुलगी" आणि "लांब" एवढंच कळलं, मग मी माझ्याकडे बोट दाखवून तेच दोन शब्द म्हटले. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

कामाचंही विचारलंय, पाळकांच्या बायकांपैकी तिघी गुरुवारी घरी येणार आहेत. काय शिकवू, कसं बोलू काही ठरलेलं नाही. परत_आलेली ताई, तुम्ही पहिल्या दिवशी काय केलं होतंत?

---

परत_आलेली

काही शिकवू नका पहिल्या दिवशी. त्यांना कपाटं उघडून दाखवा आणि प्रत्येक वस्तूचं नाव विचारा, एक वही ठेवा, त्यांच्याच हाताने त्यात लिहून घ्या. बायका दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून अवघडतात, शिकवायला सांगितलं की सैल होतात. तासाभरात वॉशिंग मशीनचं बटणही त्याच सांगतील. गुरुवारी रात्री लिहा, मी जागी असेन.